शेतीचे शिक्षण : हेतूप्रमाणे विद्यालयाची निवड

पेरणीपूर्वी शेतकरी जमिनीचा पोत पाहतो, पाण्याची सोय विचारात घेतो आणि मगच बियाणे निवडतो. हलक्या जमिनीत उशिरा तयार होणारे वाण पेरले, तर दाणे भरण्याच्या वेळी ओल अपुरी पडते व हंगाम वाया जातो, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. मुलामुलींच्या शिक्षणाबाबत मात्र इतकी चिकित्सा क्वचितच केली जाते. शेजारच्या गावातील मुलाने अमुक महाविद्यालयात नाव घातले, म्हणून आपल्याही मुलाने तेथेच जावे, असा विचार पुष्कळ घरांतून होतो. शिक्षणासाठी घरची शिल्लक खर्ची पडते, प्रसंगी कर्जही काढावे लागते. चार वर्षांनी पदवी हाती आल्यावर, जे काम करावयाचे होते त्यास ही पदवी चालत नाही, असे कळले तर झालेले नुकसान एका बुडालेल्या हंगामाहून मोठे असते. कारण पीक पुढील वर्षी पुन्हा घेता येते, गेलेली चार वर्षे परत येत नाहीत.

यास्तव शेतीचे शिक्षण देणाऱ्या संस्था कोणकोणत्या प्रकारच्या आहेत, प्रत्येकीचा उपयोग कशासाठी आहे आणि निवड कोणत्या क्रमाने करावी, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम हेतू, मग विद्यालय

शेतीच्या शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांचे हेतू सामान्यतः चार प्रकारचे असतात :

(१) घरची शेती अधिक किफायतशीर करणे.
(२) रोपवाटिका, कृषी सेवा केंद्र, दुग्धव्यवसाय, फळप्रक्रिया यांसारखा शेतीशी निगडित व्यवसाय उभारणे.
(३) शासकीय खाते, बँक, सहकारी संस्था किंवा खाजगी कंपनीत नोकरी करणे.
(४) संशोधन अथवा अध्यापन करणे.

या चार वाटांना लागणारे शिक्षण एकसारखे नाही. पहिल्या वाटेस चार वर्षांची पदवी असलीच पाहिजे असे नाही, चौथ्या वाटेस केवळ पदवी पुरत नाही. म्हणून कोणते महाविद्यालय चांगले, हा प्रश्न सुरुवातीस विचारण्यात फारसा अर्थ नसतो. मुलास किंवा मुलीस पुढे काय करावयाचे आहे, हे आधी ठरवावे, त्यावरून अभ्यासक्रम ठरवावा आणि शेवटी विद्यालय निवडावे.

महाराष्ट्रातील कृषिशिक्षणाची घडण

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८७९ साली शेतीचे वर्ग सुरू झाले. पुढे नागपूर येथे १९०६ मध्ये व पुणे येथे १९०७ मध्ये स्वतंत्र कृषी महाविद्यालये निघाली. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर कृषिशिक्षण, संशोधन व विस्तार ही तिन्ही कामे एकत्र आणण्यासाठी कृषी विद्यापीठांची योजना झाली. राहुरी येथील विद्यापीठ १९६८ मध्ये, अकोला येथील १९६९ मध्ये आणि परभणी व दापोली येथील विद्यापीठे १९७२ मध्ये स्थापन झाली. पशुवैद्यक, दुग्धतंत्र व मत्स्यविज्ञान या विषयांसाठी नागपूर येथे २००० साली स्वतंत्र विद्यापीठ निर्माण झाले.

चार विद्यापीठांची ही विभागणी हवामान व पिके यांस अनुसरून आहे. राहुरीकडे पश्चिम महाराष्ट्र व खानदेश, अकोल्याकडे विदर्भ, परभणीकडे मराठवाडा आणि दापोलीकडे कोकण, असे क्षेत्र येते. दापोलीच्या संशोधनातून नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ हा आंबा आणि वेंगुर्ला येथून काजूच्या सुधारित जाती निघाल्या. राहुरीच्या क्षेत्रात पाडेगाव येथे उसावर काम चालते. परभणीच्या क्षेत्रात नांदेड येथील कापूस संशोधनातून ‘एनएचएच ४४’ हा संकरित वाण पुढे आला. विद्यार्थी ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात शिकतो, त्या भागाची पिके, जमीन व रोग त्याच्या प्रत्यक्ष पाहण्यात येतात. घरी परतून आंबा व काजू करावयाचा असल्यास कोकणातील शिक्षण आणि कोरडवाहू कापूस व तूर करावयाची असल्यास विदर्भ वा मराठवाड्यातील शिक्षण अधिक उपयोगी पडेल, हे उघड आहे.

घरची शेती करावयाची असल्यास

ज्यास गावीच राहून शेती करावयाची आहे, त्याच्यासाठी दहावीनंतरचा कृषी पदविका अभ्यासक्रम विचारात घ्यावा. कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत जिल्ह्याजिल्ह्यांतून कृषी तंत्र विद्यालये चालतात. मशागत, पीकसंरक्षण, फळबाग, पशुपालन व शेती अवजारे यांचे व्यावहारिक शिक्षण तेथे मिळते. पदवीच्या मानाने यास कालावधी व खर्च कमी लागतो आणि तरुण लवकर शेतावर परततो. कृषी खात्यातील कृषी सहायक या पदासही, ज्याचे नाव २०२५ मध्ये सहायक कृषी अधिकारी असे झाले, कृषी पदविकाधारक अर्ज करू शकतात. म्हणजे नोकरीची वाट याने पूर्णपणे बंद होते असे नाही. तथापि या पदांसाठी पदवीधरही मोठ्या संख्येने स्पर्धेत असतात, हे विद्यार्थ्यास स्पष्ट सांगावे.

पदविकेस प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी स्वरूपात पाहून घ्याव्यात. अभ्यासक्रम किती वर्षांचा आहे ही एक. आणि तो पूर्ण केल्यावर पदवीच्या वर्गात प्रवेश मिळतो काय व कोणत्या वर्षात मिळतो, ही दुसरी. पदविकेचे स्वरूप व नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. थोरल्या भावास मिळालेली सवलत धाकट्यास मिळेलच, असे गृहीत धरू नये.

ज्यांना शाळा सोडून बरीच वर्षे झाली आहेत किंवा ज्यांना शेत सोडून जाता येत नाही, त्यांच्यासाठी नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने मराठीतून कृषी शिक्षणक्रम उपलब्ध करून दिले आहेत. ज्ञान मिळविण्यासाठी हा मार्ग सोयीचा आहे. नोकरीचा हेतू असल्यास मात्र अपेक्षित पदाच्या जाहिरातीत हा अभ्यासक्रम ग्राह्य आहे काय, हे आधी तपासावे.

याखेरीज कृषी विज्ञान केंद्रांचा विसर पडू नये. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुद्दुचेरी येथे निघाले व पुढे ही योजना सर्व राज्यांत पसरली. शेळीपालन, मधमाशीपालन, अळिंबी उत्पादन, कलमे बांधणे, रोपवाटिका अशा विषयांवर तेथे अल्प मुदतीची प्रशिक्षणे होतात. त्यांसाठी पदवीची अट नसते. एखाद्या तरुणास केवळ डाळिंबाची बाग नीट सांभाळावयाची असेल, तर असे प्रशिक्षण व जवळच्या यशस्वी बागायतदाराकडे एक हंगाम काम, एवढ्याने त्याचा हेतू साधू शकतो.

अकरावीची विषयनिवड : पहिले कुंपण

पदवी घ्यावयाची असल्यास खरी निवड बारावीनंतर होते, असा समज आहे. वस्तुतः ती दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या थोड्या दिवसांतच होऊन जाते. कृषी पदवीसाठी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण व्हावे लागते. कला किंवा वाणिज्य शाखा घेतलेल्या विद्यार्थ्यास बारावीनंतर कृषी महाविद्यालयाचे दार उघडत नाही.

विज्ञान शाखेतही विषयांचा विचार हवा. जीवशास्त्र सोडले, तर पशुवैद्यकाचा मार्ग बंद होतो. गणित सोडले, तर कृषी अभियांत्रिकीचा मार्ग बंद होतो. विद्यार्थ्याचा निश्चय झाला नसेल व त्याची कुवत असेल, तर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांबरोबर गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय ठेवणे हिताचे आहे.

प्रवेश परीक्षाही निरनिराळ्या आहेत. राज्यातील कृषी पदवी प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी ही परीक्षा द्यावी लागते, तर पशुवैद्यकासाठी नीट ही परीक्षा द्यावी लागते. परराज्यातील कृषी विद्यापीठात शिकावयाचे असल्यास भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या वाट्यातील जागा सीयूईटी या राष्ट्रीय परीक्षेतून भरल्या जातात. या परीक्षांचे अर्ज बारावीचे वर्ष चालू असतानाच भरावे लागतात. निकालानंतर चौकशीस येणाऱ्या पालकांना बहुधा उशीर झालेला असतो.

पदवी कोणती घ्यावी

कृषी पदवी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बी.एस्सी. कृषी हाच अभ्यासक्रम येतो. चार वर्षांच्या या अभ्यासक्रमात पीकशास्त्र, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पतिरोग, उद्यानविद्या, अर्थशास्त्र व विस्तार या सर्व विषयांची ओळख होते. अंतिम वर्षात विद्यार्थी गावात राहून शेतकऱ्यांबरोबर कार्यानुभव घेतात. ज्यास कृषी खाते, बँक किंवा स्पर्धा परीक्षा यांकडे जावयाचे आहे, त्यास हा सर्वसमावेशक अभ्यासक्रम सोयीचा ठरतो. बँकांतील कृषी क्षेत्र अधिकाऱ्याच्या पदास चार वर्षांची कृषी अथवा तत्सम पदवी लागते. पदविका तेथे पुरत नाही.

तथापि हेतू निश्चित असल्यास विशेष शाखेची पदवी अधिक उपयुक्त ठरते. फळबाग, भाजीपाला व फुलशेती यांसाठी उद्यानविद्या, ठिबक सिंचन, यंत्रे व जलसंधारण यांसाठी कृषी अभियांत्रिकी आणि प्रक्रिया उद्योगासाठी अन्न तंत्रज्ञान असे अभ्यासक्रम आहेत. वनशास्त्राची महाविद्यालये दापोली व अकोला येथे, तर मत्स्यविज्ञानाची रत्नागिरीजवळ शिरगाव, नागपूर व उदगीर येथे आहेत. दुग्धतंत्रज्ञानाचे शिक्षण पुसद तालुक्यातील वरुड येथे मिळते. विशेष शाखा घेण्यापूर्वी त्या पदवीस कोणत्या नोकऱ्यांसाठी मान्यता आहे, हे मागील दोनतीन वर्षांच्या पदभरतीच्या जाहिराती वाचून पाहावे. जाहिरातीतील शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद हा सर्वांत विश्वसनीय सल्लागार होय.

पशुवैद्यकाविषयी खेड्यांत बराच गैरसमज आढळतो. जनावरांवर स्वतंत्रपणे उपचार करण्यासाठी पशुवैद्यकाची पदवी व १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार नोंदणी आवश्यक असते. प्रशिक्षणार्थी कालावधी धरून या पदवीस साडेपाच वर्षे लागतात. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे तिची महाविद्यालये आहेत. पशुसंवर्धनाची पदविका घेतलेल्या व्यक्तीस नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली मर्यादित स्वरूपाचीच सेवा देता येते. डॉक्टर होण्याची आकांक्षा धरून पदविकेस प्रवेश घेतला, तर पदरी निराशा येते.

व्यवसाय करावयाचा असल्यास

कीटकनाशकांच्या विक्रीचा परवाना मिळविण्यासाठी विहित शैक्षणिक अर्हता लागते. म्हणून कृषी सेवा केंद्र काढण्याचा विचार असणाऱ्याने पदवी किंवा पदविका घेताना ती या अर्हतेत बसते काय, याची खात्री तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करून घ्यावी. कृषी पदवीधर व पदविकाधारकांसाठी कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र ही केंद्र शासनाची योजना २००२ साली सुरू झाली. हैदराबाद येथील ‘मॅनेज’ या राष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शनाखाली तीत ४५ दिवसांचे प्रशिक्षण ठेवलेले आहे. मातीपरीक्षण, रोपवाटिका, अवजारे भाड्याने देणे अशा व्यवसायांची आखणी करण्यास ते साहाय्यक होते.

घटक, संलग्न व खाजगी

एकच पदवी निरनिराळ्या प्रकारच्या महाविद्यालयांतून मिळते. यातील भेद पालकांच्या सहसा ध्यानी येत नाही.

घटक महाविद्यालये ही कृषी विद्यापीठ स्वतः चालविते. पुणे, नागपूर, अकोला, परभणी, धुळे, कोल्हापूर, लातूर, दापोली येथील कृषी महाविद्यालये या वर्गातील होत. येथे शुल्क कमी असते, प्रक्षेत्र विस्तीर्ण असते आणि संशोधन योजनांवर काम करणारे शास्त्रज्ञ अध्यापन करतात. चौथा हेतू, म्हणजे संशोधन, मनात असणाऱ्या विद्यार्थ्याने घटक महाविद्यालयासाठी कसून प्रयत्न करावा. जागा मर्यादित असल्याने तेथील प्रवेशास गुण अधिक लागतात.

संलग्न महाविद्यालये ही खाजगी संस्था चालवितात. परंतु अभ्यासक्रम, परीक्षा व पदवी कृषी विद्यापीठाचीच असते. बहुतेक संस्था विनाअनुदानित असल्याने शुल्क पुष्कळ अधिक असते. काही संस्थांकडे उत्तम शेती, गोठा व प्रयोगशाळा आहेत, तर काहींकडे इमारतीपलीकडे दाखविण्यासारखे थोडेच असते. म्हणून प्रत्येक संस्थेची स्वतंत्र पाहणी आवश्यक ठरते.

खाजगी विद्यापीठे स्वतःची पदवी देतात. अशा ठिकाणी प्रवेश घेण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमास भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे काय, हे अवश्य विचारावे. पुढे पदव्युत्तर प्रवेशाच्या व नोकरीच्या वेळी हा प्रश्न उपस्थित होतो आणि तेव्हा त्यावर उपाय राहत नाही. अधिस्वीकृती ठरावीक मुदतीची असते. ती चालू आहे की संपली आहे, हेही पाहावे.

खर्चाचा हिशेब

शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे. वसतिगृह, खानावळ, पुस्तके, प्रवास व कार्यानुभवाच्या काळातील खर्च यांची चारही वर्षांची बेरीज करावी. त्यातून मिळणारी सवलत वजा करावी व उरलेली रक्कम घरच्या उत्पन्नातून निघते काय, हे पाहावे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती व डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजनांचे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरावे लागतात.

मुलींच्या बाबतीत शासनाने २०२४ मध्ये महत्त्वाचा निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देण्यात आली. शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यासच या सवलतीचा लाभ मिळतो. व्यवस्थापनाच्या जागेवर प्रवेश घेतला, तर तो मिळत नाही. घाईने संस्थेशी परस्पर बोलणी करणारी कुटुंबे या लाभास मुकतात. शेतातील कामांचा मोठा भार स्त्रिया उचलतात. त्यांच्यातील शिकलेली मुलगी गावात परतली, तर सुधारित शेतीचा प्रसार किती सुलभ होईल, याचा विचार पालकांनी करावा.

विद्यालय पाहताना विचारावयाचे प्रश्न

माहितीपुस्तिकेतील छायाचित्रांवर विसंबून न राहता पालकांनी विद्यार्थ्यासह एकदा विद्यालयास प्रत्यक्ष भेट द्यावी व पुढील गोष्टींची चौकशी करावी :

(१) पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळते? चालू वर्षाची मान्यता आहे काय?
(२) शेती किती आहे, तीस पाणी आहे काय, आणि विद्यार्थी तेथे स्वतः काम करतात काय? प्रक्षेत्रावर उभे पीक नसेल, तर त्याचे कारण विचारावे.
(३) कायमस्वरूपी अध्यापक किती? प्रयोगशाळेतील उपकरणे वापरात आहेत काय?
(४) वसतिगृह आहे काय? मुलींसाठी स्वतंत्र व सुरक्षित व्यवस्था आहे काय?
(५) एकूण शुल्क किती, व प्रत्येक रकमेची पावती मिळते काय?
(६) तेथून शिकून गेलेले विद्यार्थी आज काय करीत आहेत?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयातून न घेता अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून घ्यावे. ते सहसा खरे सांगतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कार्य

गावातील शेतकरी बियाण्याविषयी जितक्या विश्वासाने कार्यकर्त्यास विचारतो, तितक्याच विश्वासाने तो मुलाच्या शिक्षणाविषयीही विचारतो. त्यास योग्य उत्तर देता यावे, म्हणून कार्यकर्त्याने चालू वर्षाची प्रवेशाची माहितीपुस्तिका आपल्याजवळ ठेवावी. दहावी व बारावीच्या परीक्षांपूर्वी, म्हणजे साधारणतः डिसेंबर-जानेवारीत, शाळेत पालकांची एक बैठक घ्यावी. जातीचा, उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला तसेच सातबारा उतारा ही कागदपत्रे वेळेपूर्वी तयार ठेवण्यास सांगावे. दाखला हाती नसल्याने हक्काची जागा गेली, अशी उदाहरणे दरवर्षी घडतात.

सल्ला देताना विद्यार्थ्याची स्वतःची इच्छा ऐकून घ्यावी. समजा, एका कुटुंबाची सहा एकर बागायत आहे, वडिलांची प्रकृती बरी नसते आणि मुलास शेतीची मनापासून आवड आहे. अशा मुलास दूरच्या महागड्या महाविद्यालयात चार वर्षे धाडण्यापेक्षा जवळच्या कृषी तंत्र विद्यालयातील पदविका व कृषी विज्ञान केंद्राचे प्रशिक्षण अधिक फलदायी होईल. याउलट, दोन एकर कोरडवाहू जमिनीवर तीन भावंडांचा निर्वाह होणार नाही, आणि त्यांतील एक मुलगी अभ्यासात हुशार आहे. तिच्यासाठी घटक महाविद्यालयातील पदवी व पुढील शिक्षण हेच खरे भांडवल ठरेल. दोन्ही सल्ले बरोबर आहेत, कारण दोन्ही घरांच्या गरजा निराळ्या आहेत.

पदविकेस कमी लेखण्याची व पदवीस वाजवीपेक्षा अधिक मान देण्याची प्रवृत्ती समाजात आहे. कार्यकर्त्याने तीस बळी पडू नये. ज्या शिक्षणाने ठरविलेले काम उत्तम प्रकारे करता येते, ते शिक्षण त्या विद्यार्थ्यापुरते श्रेष्ठ होय. हेतू ठरवावा, त्यास अनुरूप अभ्यासक्रम शोधावा, संस्थेची मान्यता तपासावी, खर्चाचा हिशेब मांडावा व मगच प्रवेशाचा अर्ज भरावा. या क्रमाने निवड केल्यास शेतकऱ्याच्या कष्टाचा पैसा सत्कारणी लागेल आणि शिकलेल्या मुलामुलींचे ज्ञान त्यांच्या घरास व गावासही उपयोगी पडेल.